प्रूफ क्रमांक पाच

ब्रागा शहराबाहेर, टायरच्या गोदामाला लागून
आमचा छापखाना. दारात कुणी येत नाही.
माणसं पडद्यावरून येतात,
कागद निवडतात, जाडी निवडतात, कोपरे गोल की काटकोनी,
आणि फाइल टाकून निघून जातात.
मी ग्रासिएत. फाइली तपासते.
रंग कापायच्या रेषेपलीकडे तीन मिलिमीटर सांडलाय का,
लोगो मोबाइलच्या फोटोतून उचललेला तर नाही
(असतोच),
मग प्रूफ पाठवते आणि वाट बघते
हिरव्या बटणाची.

सोमवारी गिमाराइंशहून ऑर्डर आली.
वजनकाटे दुरुस्त करणारे. अडीचशे कार्डं,
दहा पावतीपुस्तकं कार्बनसकट,
आणि काट्यावर चिकटवायचे गोल स्टिकर:
'तपासला', खाली तारखेपुरती जागा.
नमुन्याला जुनं कार्ड जोडलेलं:
आबिलिओ किंतेला आणि मुलगा.
सूचना एका ओळीची. मुलगा नको, मुलगी करा.

आमच्या भाषेतही हे शेवटच्या अक्षराचं काम,
काना खोडून वेलांटी द्यावी, तेवढंच.
अर्ध्या मिनिटात केलं.
शेजारच्या अक्षरांना ते मानवायला मात्र
दहा मिनिटं गेली.

रात्री प्रूफ परत. लाल चौकटीत:
छपाईची चूक.मुलगा हवा.
सकाळी, त्याच खात्यावरून:
चूक नव्हती. कृपया मुलगीच ठेवा.
दोन: मुलगा. तीन: मुलगी. चार: पुन्हा मुलगा.
खातं एक, पासवर्ड एक, बोटं दोघांची.
एकजण पूर्णविरामापुढे जागा सोडत नाही,
दुसरी 'कृपया' विसरत नाही.

फोन करायचा नाही, असा नियम आहे.
जे काही ते नोंदीत राहायला हवं.
म्हणून टिपणात लिहिलं:
मुलगा हवा की मुलगी, एकदा घरात ठरवून कळवाल का?
पाठवलं आणि जीभ चावली.
हा प्रश्न काही छापखान्याने विचारायचा नव्हे.

दोन दिवस ऑर्डरपुढे पिवळा ठिपका.

मग शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला, एका दमात:
मुलगा म्हणजे मी.वडिलांनी कार्ड छापलं तेव्हा एकोणीसचा होतो.
आता एकाहत्तर.मुलगी माझी आहे,आबिलिओंची नाही.
हे असं छापलंत तर ती माझी बहीण होते.
वजनात चूक चालत नाही,नात्यात कशी चालेल

मी हसले, आणि मग हसू जिथल्या तिथे राहिलं.
बावन्न वर्षं हा माणूस
स्वतःच्या दुकानात छापील मुलगा.
बापाला पुरून आला असेल, दुसऱ्या दिवशी
कुलूप काढून तीच पावती फाडली असेल:
आणि मुलगा.
बाजारातली खारी मासळी, खिळे, लोकर, पोस्टातली पार्सलं
त्याने नीट केलेल्या काट्यांवर तोलली गेली,
आणि त्याचं नाव विचाराल तर
कार्डावर नव्हतं.

सोमवारी तिचं टिपण:
मग कृपया पहिलं नाव बदला.
आजोबांना काढायला माझाच हात धजत नव्हता.
फिर्मिनो किंतेला आणि मुलगी.

प्रूफ पाच.
फिर्मिनो एका अक्षराने लांब निघाला,
सगळी ओळ डावीकडे सरकवावी लागली.
तराजूचं जुनं चित्र मधोमध होतं,
ते हलवलं नाही. पारडी जराशी तिरकी दिसतात आता,
म्हटलं, बघू, कुणी बोललं तर.

कुणी बोललं नाही.
दुपारी एक वाजून सहा मिनिटांनी बटण हिरवं झालं.
'मान्यतेनंतरच्या चुकीची जबाबदारी आमची नाही',
त्यापुढच्या चौकटीतही खूण होती.
कुणी दाबलं ते कळायला मार्ग नाही.
टिपणात एवढंच:

स्टिकर पन्नास वाढवा.कृपया